माप नसलेलं औषध

रक्तातली एक प्लेटलेट साधारण २ ते ३ मायक्रॉनची असते. आकुर्डी, भोसरी, चाकण या पट्ट्यात ही लांबी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. इथं प्रत्येक जॉबला गेज लागतो, बोअर काही मायक्रॉननं हुकला तर लॉट बाजूला निघतो आणि इन्स्पेक्शनची सही झाल्याशिवाय माल गेटबाहेर पडत नाही. याच आकुर्डीत, प्राधिकरणाच्या आखीव रस्त्यांवर आणि जुन्या मुंबई-पुणे महामार्गाच्या कडेनं, त्वचेच्या आणि केसांच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर पीआरपी ही अक्षरं आता सवयीची झाली आहेत. प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, म्हणजे प्लेटलेट एकवटलेला रक्तद्रव. रुग्णाच्या हातातून रक्त घ्यायचं, नळीत भरून यंत्रात फिरवायचं, वर आलेला पिवळसर भाग सिरिंजमध्ये ओढायचा आणि टाळूत किंवा चेहऱ्याच्या कातडीत जागोजागी टोचायचा. विरळ झालेले केस दाट व्हावेत, मुरुमांचे खड्डे भरावेत, कातडीवर तजेला यावा, ही अपेक्षा.

त्या सिरिंजमध्ये प्लेटलेट नेमक्या किती आहेत? हा प्रश्न या उपचाराच्या इतिहासात वारंवार मागं पडत गेला. तो पुन्हा समोर आणणाऱ्यांमध्ये पुणे आणि मुंबईचे त्वचारोगतज्ज्ञ होते, आणि त्यांनी ते काम साध्या शिकवण्याच्या रुग्णालयांत बसून केलं. ती हकिकत आपल्याकडं फारशी कुणी सांगितलेली नाही.

सुरुवात मात्र दुसरीकडं झाली. इटलीतल्या तुरीन शहरात ज्युलिओ बिझ्झोझेरो हे संशोधक गिनीपिगच्या आतड्याला धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यातल्या रक्तवाहिन्या, रक्त वाहत असतानाच, सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. वाहिनीला इजा झाली की सगळ्यांत आधी तिथं येऊन चिकटणारे रंगहीन, चपटे कण त्यांना दिसले. हे कण त्याआधी इतरांच्याही नजरेस पडले होते. बिझ्झोझेरोंनी १८८२ मध्ये ते रक्ताचा स्वतंत्र घटक असल्याचं आणि रक्त थांबवण्यात त्यांचा वाटा असल्याचं मांडलं. १९१० मध्ये अमेरिकेत बोस्टनला विल्यम ड्यूक यांनी पुढचं पाऊल टाकलं. रक्तस्राव थांबत नसलेल्या रुग्णाला दुसऱ्याचं रक्त दिलं की त्याच्या प्लेटलेटची संख्या चढते आणि स्राव थांबतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. औषधाची मात्रा म्हणजे प्लेटलेटची संख्या, हे नातं तेव्हाच कागदावर आलं होतं.

पीआरपी हे नाव रक्तपेढ्यांनी दिलेलं आहे. १९५० च्या सुमारास काचेच्या बाटल्यांऐवजी प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या आणि एका दात्याच्या रक्ताचे घटक वेगळे करणं सोपं झालं. पिशवी हलक्या वेगानं फिरवली की जड तांबड्या पेशी तळाशी जातात आणि वर प्लेटलेटसह प्लाझ्मा उरतो. तोच पीआरपी. तो आणखी जोरात फिरवला की प्लेटलेटही खाली बसतात. कर्करोगाच्या औषधांनी ज्यांच्या प्लेटलेट घसरल्या आहेत अशा रुग्णांपर्यंत त्या पोचवायच्या, एवढाच या खटाटोपाचा हेतू होता. केसांचा किंवा चेहऱ्याचा त्यात कुठंही संबंध नव्हता.

त्याच दशकात आकुर्डीपासून काही किलोमीटरवर, पिंपरीत, औषधाचं माप ही गोष्ट रोजच्या कामाची होऊन बसली होती. १९५४ मध्ये भारत सरकारनं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी तिथं उभी केली आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलिन बनू लागलं. पेनिसिलिन बुरशीपासून, म्हणजे एका जिवंत वस्तूपासून मिळतं. प्रत्येक घाणा वेगळा निघतो, म्हणून त्याची ताकद जिवाणूंवर तपासून युनिटमध्ये लिहावी लागते. पिंपरीच्या कुपीवर युनिट छापलेले असायचे, बॅच नंबर असायचा. गावोगावच्या डॉक्टरनं ती कुपी डोळे मिटून वापरली ती या छापील आकड्यांच्या भरवशावर. १९६१ मध्ये या कंपनीच्या संशोधकांनी बुरशीजन्य रोगांवरचं हॅमायसिन हे औषध जगासमोर ठेवलं. ते देणाऱ्या सूक्ष्मजीवाचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असं आहे. आपल्या एका गावाचं नाव अशा रीतीनं जीवशास्त्राच्या नोंदींत कायमचं गेलं, याचा मला फार अभिमान वाटतो. आणि खंतही वाटते, की पिंपरी-चिंचवडच्या शाळांमधून हे मुलांना आवर्जून सांगितलं जात नाही.

जिवंत वस्तूपासून आलेलं, दर वेळी वेगळं निघणारं औषध मोजून द्यायचं ही शिस्त पिंपरीला १९५५ पासून ठाऊक होती. पीआरपीही तसंच औषध आहे, आणि त्याची वाट मात्र मापाशिवाय आखली गेली.

जखम भरण्याशी प्लेटलेटचा संबंध लागला तो हृदयरोगाच्या अभ्यासातून. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये रसेल रॉस आणि त्यांचे सहकारी रक्तवाहिन्या जाड का होतात याचा शोध घेत होते. गोठलेल्या रक्तापासून काढलेला द्रव घातला की प्रयोगशाळेतल्या स्नायुपेशी भराभर वाढायच्या. प्लेटलेट आधीच काढून टाकलेल्या प्लाझ्मापासून तो द्रव केला तर वाढ मंदावायची, आणि प्लेटलेटमधला अर्क परत घातला की ती पुन्हा जोर धरायची. १९७४ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. प्लेटलेटच्या पोटात बारीक कण असतात आणि त्यांत पेशींना वाढीचा निरोप देणारी प्रथिनं साठवलेली असतात, हे पुढं स्पष्ट झालं. रक्त गोठू लागलं की यातली बहुतेक प्रथिनं तासाभरात बाहेर पडतात. प्लेटलेट रक्त थांबवते आणि त्याच वेळी दुरुस्तीची हाकही देते.

ही हाक उसनी घेण्याचा पहिला मोठा प्रयत्न झाला तो पायांच्या जखमांसाठी. मिनेसोटातले शल्यचिकित्सक डेव्हिड नाइटन यांनी १९८६ मध्ये ४९ रुग्णांची माहिती मांडली. या लोकांच्या जखमांवर आधी सरासरी १९८ आठवडे, म्हणजे जवळजवळ चार वर्षं, नेहमीचे उपचार झाले होते. रुग्णाच्याच प्लेटलेटमधून काढलेला अर्क लावल्यावर जखमा सरासरी १०.६ आठवड्यांत भरल्या. घरात मधुमेहाचा रुग्ण आहे आणि त्याच्या तळपायाला जखम झाली आहे, अशा प्रत्येकाला या दोन आकड्यांमधलं अंतर लगेच कळेल. या जखमेपायी माणसं पाय गमावतात. पुढं प्लेटलेटमधलं एक प्रथिन कारखान्यात बनवून त्याचा जेल तयार झाला, आणि १९९७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी मधुमेही पायाच्या जखमेसाठी त्याला मान्यता दिली. त्या ट्यूबवर मात्रा छापलेली होती.

मायामीचे जबड्याचे शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी १९९८ मध्ये ८८ रुग्णांच्या जबड्याच्या हाडाच्या पुनर्रचनेत निम्म्यांना पीआरपी देऊन पाहिलं. त्यांच्याकडं हाड लवकर पक्व झालं. पीआरपी दंतवैद्यांच्या आणि अस्थिरोगतज्ज्ञांच्या दालनात आलं ते तिथून. मार्क्स यांनी आणखी एक मोलाचं काम केलं. २००१ मध्ये त्यांनी पीआरपी कशाला म्हणायचं आणि कशाला म्हणायचं नाही, याची रेघ आखली: एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे १० लाख प्लेटलेट. आपल्या रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात. ती रेघ आजही सगळे सांगतात. पाळली जाते का, हा वेगळा प्रश्न.

केसांपर्यंत हे सगळं पोचलं ते ब्राझीलमधून. पोर्तो अलेग्रे इथले प्लास्टिक सर्जन कार्लोस उबेल केसांचं प्रत्यारोपण करत. डोक्याच्या मागच्या भागातून काढलेली केसांची मुळं पुढं लावायची, पण ती सगळी धरत नाहीत. त्यांनी मुळं लावण्याआधी प्लेटलेटच्या द्रावात भिजवून पाहिली. आपल्या मावळातला शेतकरी भाताची रोपं लावताना मुळं द्रावणात बुडवून मग चिखलात खोचतो, तसाच हा प्रकार. २० रुग्णांच्या डोक्यावर दोन सारखे चौकोन आखले, एकात भिजवलेली मुळं लावली, दुसऱ्यात तशीच. वर्षानं मोजणी केली तेव्हा पहिल्या चौकोनात दर चौरस सेंटिमीटरला १८.७ आणि दुसऱ्यात १६.४ मुळं टिकलेली होती. फरक अफाट नव्हता, पण एकाच माणसाच्या एकाच डोक्यावर मोजलेला होता. २००६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि पुढचा प्रश्न जगभरच्या डॉक्टरांच्या मनात आला. प्रत्यारोपण न करताच, आहे त्या मुळांशी हा द्रव टोचला तर?

त्या वर्षांत आकुर्डीही बदलत होती. १९६० च्या दशकात इथल्या माळावर बजाजचा स्कूटर कारखाना उभा राहिला. १९७२ मध्ये चेतक आली आणि त्याच वर्षी पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. कामगारांच्या, कारकुनांच्या, फोरमनच्या घरांसाठी पेठा आखल्या गेल्या. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते, तेव्हा या पेठांमधली घरं वारकऱ्यांना जेवू घालतात. २००७ मध्ये आकुर्डीच्या कारखान्यातलं दुचाकींचं उत्पादन थांबलं. तोवर कामगारांची पुढची पिढी हिंजवडीच्या बसमध्ये बसू लागली होती. वडिलांच्या पिढीत टक्कल पडणं हे वय झाल्याचं लक्षण होतं आणि त्याबद्दल कुणी डॉक्टरकडं जात नसे. मुलाच्या पिढीत स्थळ पाहताना बायोडाटासोबत फोटो जातो, आणि सव्विसाव्या वर्षी मागं सरकलेली केसांची रेघ त्या फोटोत दिसते. मुलींचा रुंदावलेला भांगही दिसतो. या दुःखाला उथळ म्हणणं मला पटत नाही. चारचौघांत टोपी न काढणारा तरुण ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांनाही ते पटणार नाही.

खापर कशावर फोडायचं हे मात्र आधीच ठरलेलं असतं. हेल्मेट, बोअरवेलचं जड पाणी, टँकरचं पाणी, शाम्पू. खरं कारण १९४२ मध्येच अमेरिकी संशोधक जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवलं होतं. वयात येण्याआधी ज्यांचे वृषण काढले गेले त्या पुरुषांना टक्कल पडत नाही, आणि त्यांना पुरुषी संप्रेरक दिलं तर घराण्याचा कल असलेल्यांना पडू लागतं. आनुवंशिकता आणि संप्रेरक, या दोघांच्या मेळातून हे टक्कल येतं. त्यावर दोनच औषधं भक्कम पुराव्यानिशी उभी राहिली: लावायचं मिनॉक्सिडिल, ज्याला अमेरिकेत १९८८ मध्ये मान्यता मिळाली, आणि गिळायचं फिनास्टेराइड, ज्याला १९९७ मध्ये मिळाली. दोन्ही वर्षानुवर्षं घ्यावी लागतात, आणि सगळ्यांना गुण येत नाही.

प्लेटलेट हा शब्द या पट्ट्यातल्या घरांमध्ये शिरला तो केसांच्या निमित्तानं नव्हे. तो डेंग्यूनं आणला. पावसाळा सरता सरता ताप येतो, रिपोर्टमध्ये प्लेटलेट दीड लाखावरून पन्नास हजारांवर, मग वीसवर येतात, आणि मुलगा किंवा जावई पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयापासून पुण्यापर्यंत रक्तपेढ्यांना फोन लावत बसतो: पिशवी आहे का, सिंगल डोनर मिळेल का. रोज सकाळचा काउंट घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ असतो. आणि ताप उतरून दोन-तीन महिने झाले की त्याच माणसाचे केस मूठमूठ गळू लागतात. मोठ्या तापाच्या धक्क्यानं बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि नंतर एकत्र गळतात. कोविडनंतरही हेच झालं. ही गळती बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप थांबते आणि केस परत येतात. तिच्यासाठी टाळूत सुया टोचण्याचं काही कारण नसतं. केस का गळतात हे ठरवण्याआधी रक्त काढायला घेणं, ही या उपचारातली सगळ्यांत सोपी चूक आहे.

आता नऱ्ह्याकडं येऊ. पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, मुंबई-बेंगळुरू महामार्गाच्या कडेला, श्रीमती काशीबाई नवले वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या त्वचारोग विभागातल्या डॉ. स्वप्ना खातू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आनुवंशिक टक्कल असलेले अकरा रुग्ण निवडले. सहा महिने मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड घेऊनही गुण न आलेली ही माणसं होती, म्हणजे ज्यांच्यापुढं फारसा पर्याय उरला नव्हता. प्रत्येकाचं २० सीसी रक्त घेतलं, दोनदा फिरवलं, आणि २ ते ३ सीसी पीआरपी इन्सुलिनच्या बारीक सिरिंजनं टाळूत टोचलं. दर दोन आठवड्यांनी, एकूण चार वेळा. तीन महिन्यांनी पाहणी केली. केसांची एक बट बोटांत धरून हलकेच ओढायची आणि किती केस हातात येतात ते मोजायचे, ही त्वचारोगतज्ज्ञांची जुनी तपासणी. सुरुवातीला अकराही जणांचे केस हातात येत होते. चौथ्या सिटिंगनंतर नऊ जणांचे येईनासे झाले. ठरावीक जागेतल्या केसांच्या मुळांची सरासरी ७१ वरून ९३ वर गेली.

२०१४ मध्ये हा अभ्यास 'जर्नल ऑफ क्युटेनियस अँड ॲस्थेटिक सर्जरी' या भारतीय नियतकालिकात आला. त्याच्या शीर्षकातच प्रश्न होता: हे मिथक की उपयोगी साधन? अकरा हा आकडा लहान आहे, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि तीन महिने म्हणजे केसांच्या आयुष्यात फार थोडा काळ. तरीही मी या कामाला मोठं मानतो. साध्या वैद्यकीय महाविद्यालयात, खर्चिक किट न वापरता, हाताशी असलेल्या यंत्रावर त्यांनी हे केलं आणि काय केलं ते उघड लिहून ठेवलं. जगभरात केसांवरच्या पीआरपीची चर्चा होते तेव्हा नऱ्ह्याच्या या अकरा जणांचा उल्लेख येतो.

त्याच सुमारास मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात, डॉ. रचिता धुरत यांच्या विभागात दोन कामं झाली. या सगळ्या हकिकतीतला सगळ्यांत मोलाचा भाग मला ती दोन कामं वाटतात. पहिलं २०१३ चं. आनुवंशिक टक्कल असलेले शंभर पुरुष घेतले. निम्म्यांना फक्त मिनॉक्सिडिल. उरलेल्या निम्म्यांना मिनॉक्सिडिल आणि शिवाय आठवड्यातून एकदा टाळूवर दीड मिलिमीटर सुयांचा रोलर. मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटात आहे हे माहीत नव्हतं. बारा आठवड्यांनी ठरावीक जागेत केसांची सरासरी वाढ फक्त मिनॉक्सिडिलच्या गटात २२.२ होती आणि रोलरच्या गटात ९१.४. प्लाझ्मा नाही, प्लेटलेट नाही, नुसत्या सुया. टाळूला बारीक जखमा केल्या की रक्तातल्या प्लेटलेट आपण होऊन तिथं जमतात आणि दुरुस्तीची हाक देतात, असा त्यामागचा तर्क.

पीआरपीचा दावा करणाऱ्या प्रत्येकाला हा निष्कर्ष अडचणीत आणतो. टाळूत साठ-सत्तर ठिकाणी सुई टोचल्यावर केस वाढले, तर श्रेय द्रवाचं की सुईचं? उत्तर हवं असेल तर दुसऱ्या गटाला तितक्याच सुया टोचून त्यांत साधं सलाइन घालावं लागतं. नऱ्ह्याच्या अभ्यासात तसा गट नव्हता. अमेरिकेत कार्लोस प्विग आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये केस विरळ झालेल्या २६ स्त्रियांवर तसा अभ्यास केला, आणि केसांच्या मोजणीत पीआरपी आणि सलाइन यांत दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. इतर काही अभ्यासांत, अर्ध्या डोक्याला पीआरपी आणि अर्ध्याला सलाइन देऊन, फरक दिसला. निकाल असे फाटे फोडत असले की पहिली शंका मात्रेवर घ्यायची असते.

धुरत आणि त्यांचे सहकारी सुकेश यांचं २०१४ चं दुसरं काम नेमकं त्याच शंकेला भिडतं. नऱ्ह्याचा अभ्यास आला त्याच नियतकालिकात, त्याच वर्षी, त्यांनी पीआरपी बनवण्याच्या पद्धतींचा सविस्तर लेख लिहिला. रक्त कुठल्या नळीत घ्यायचं, गोठू नये म्हणून काय घालायचं, पहिली फेरी हलकी का आणि दुसरी जोराची का, कुठला थर ओढायचा, तापमान किती ठेवायचं. नवल किंवा चमत्कार त्यात काही नाही, पण आज देशोदेशीचे डॉक्टर पद्धत शिकण्यासाठी तो लेख उघडतात. त्यातला एक मुद्दा आकुर्डीच्या कुठल्याही टर्नरला लगेच पटेल. सेंट्रिफ्यूजवर 'इतके आरपीएम' एवढंच सांगून काहीच कळत नाही. पेशींवर पडणारं बल फेऱ्यांच्या वेगाच्या वर्गावर आणि त्रिज्येवर ठरतं. लहान डोक्याच्या यंत्रात १५०० फेरे आणि मोठ्या डोक्याच्या यंत्रात १५०० फेरे यांनी दोन वेगळे द्रव तयार होतात. असं असताना कितीतरी अहवालांत नुसते फेरे लिहून काम भागवलेलं आहे.

हिशेब करून पाहा. एका माणसाच्या रक्तात घन मिलिमीटरला अडीच लाख प्लेटलेट आहेत. त्याच्या २० सीसी रक्तात ५०० कोटी प्लेटलेट झाल्या. त्या सगळ्या ४ सीसीमध्ये आणल्या तर घनता साडेबारा लाख, मार्क्सच्या रेघेच्या वर. साठ टक्केच हाती लागल्या तर साडेसात लाख. आता दुसरा माणूस घ्या. काउंट दीड लाख, घेतलं १० सीसी रक्त, निम्म्या प्लेटलेट वाया गेल्या, आणि उरलेल्या ३ सीसीमध्ये आल्या. घनता अडीच लाख, म्हणजे पहिल्या माणसाच्या साध्या रक्ताइतकीच. दोघांनाही पावती पीआरपीची मिळते, दोघेही सारखेच पैसे मोजतात.

चेहऱ्याची गोष्ट यापेक्षा वेगानं पसरली आणि तिला पुराव्याचा आधार कमी होता. मार्च २०१३ मध्ये किम कार्दाशियन या अमेरिकी तारकेनं रक्तानं माखलेल्या चेहऱ्याचा स्वतःचा फोटो प्रसिद्ध केला आणि 'व्हँपायर फेशियल' हे नाव घराघरात गेलं. भारतात मुरुमांच्या खड्ड्यांवर मात्र कष्टाचं काम झालं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला सुयांसोबत पीआरपी आणि दुसऱ्या बाजूला सुयांसोबत 'क' जीवनसत्त्व दिलं. शेवटपर्यंत टिकलेल्या २७ जणांपैकी उत्तम गुण पीआरपीच्या बाजूला पाच जणांना आला, 'क' जीवनसत्त्वाच्या बाजूला दोघांना. इथंही सुया दोन्हीकडं होत्या. खड्डे काही प्रमाणात भरतात, एवढं म्हणता येतं. वय दहा वर्षांनी मागं नेण्याचं जे आश्वासन जाहिराती देतात, त्याला या आकड्यांत कुठं जागा नाही.

स्वतःचंच रक्त, म्हणून धोका नाही, हे वाक्य कितीदा तरी ऐकू येतं. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरात २०१८ मध्ये एका स्त्रीला एचआयव्ही निघाला. नेहमीचं कुठलंच कारण सापडेना. तिनं एका स्पामध्ये पीआरपीचं फेशियल करून घेतलं होतं. तपासणीत त्या स्पामध्ये लेबल नसलेल्या रक्ताच्या नळ्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये खाद्यपदार्थांशेजारी सापडल्या, उघड्या सिरिंज ड्रॉवरमध्ये सापडल्या. चालवणाऱ्या बाईकडं परवानाच नव्हता. २०२४ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं या स्पाशी जोडलेल्या रुग्णांचा अहवाल दिला, तेव्हा सौंदर्योपचारातल्या सुईतून एचआयव्ही पसरल्याची ही पहिली नोंद ठरली. रक्त स्वतःचं आहे याची हमी नळीवरचं नाव देतं, आणि सुई नवी आहे याची हमी तुमच्यासमोर फाडलेलं पाकीट देतं. दवाखाना पॉश असल्यानं यातलं काहीच सिद्ध होत नाही. ज्यांच्या प्लेटलेट मुळातच कमी आहेत, ज्यांना रक्त पातळ करणारी औषधं सुरू आहेत, ज्यांच्या टाळूला जंतुसंसर्ग आहे, त्यांनी आधी हे डॉक्टरला सांगायला हवं, आणि डॉक्टरनं विचारायला हवं.

ज्या पायांच्या जखमांसाठी हे सगळं सुरू झालं, त्यांच्याकडं उत्साहाचा ओघ तितका गेला नाही. बेंगळुरूसारख्या शहरांतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी न भरणाऱ्या जखमांवर आणि कुष्ठरोगानं बधिर झालेल्या तळपायांच्या व्रणांवर प्लेटलेटचे उपचार करून पाहिले, आणि गुण आल्याचं लिहिलं. २०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं सगळे अभ्यास एकत्र तपासून सांगितलं की मधुमेही पायाच्या जखमेवर पीआरपीचा उपयोग होत असावा, पण पुरावा कच्चा आहे. महाराष्ट्रात मधुमेह ज्या वेगानं वाढतो आहे तो पाहता हा पुरावा पक्का करण्याचं काम टाळूच्या केसांपेक्षा किती तरी तातडीचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पाय गेलेला कामगार लाइनवर परत उभा राहत नाही.

केसांच्या बाबतीत आज प्रामाणिक डॉक्टर जे सांगतात ते साधारण असं: टक्कल सुरुवातीच्या टप्प्यात असेल, मुळं जिवंत असतील, तर पीआरपीनं गळती कमी होऊ शकते आणि केस थोडे जाड होऊ शकतात; गुळगुळीत झालेल्या जागेवर ते केस उगवत नाही; मिनॉक्सिडिल सोडून चालत नाही; आणि आलेला गुण टिकवायला दर काही महिन्यांनी पुन्हा यावं लागतं. इतकं ऐकूनही ज्याला ते करायचं आहे त्यानं जरूर करावं. सिटिंग घेण्याआधी त्यानं दोन आकडे मागून घ्यावेत: आज माझ्या रक्तातला काउंट किती आणि या सिरिंजमधला किती. त्यासाठी परदेशी किट लागत नाही. डेंग्यूच्या दिवसांत दिवसभर प्लेटलेट मोजणारा सेल काउंटर शेजारच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये असतोच. सिरिंजमधले काही थेंब त्याच यंत्रात घातले की काही मिनिटांत आकडा येतो, आणि तो रुग्णाच्या केसपेपरवर तारखेसह लिहिता येतो.